नोमानंतर जबड्याचं हाड: गाल सुकला तरी उपचार संपत नाही

नोमा म्हणजे कुपोषित मुलाच्या हिरडीपासून सुरू होऊन काही दिवसांत गाल, ओठ आणि जबडा कुजवणारा आजार. नायजर, नायजेरिया, बुर्किना फासो या पट्ट्यात तो सर्वांत जास्त आढळतो. नायजेरियातल्या सोकोटो शहरात तर नोमाच्या मुलांसाठी वेगळं रुग्णालय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १५ डिसेंबर २०२३ रोजी त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. भारतात तो तुरळक दिसतो, पण त्याला लागणारी परिस्थिती ठाणे जिल्ह्यात आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अतितीव्र कुपोषित मुलं आहेत, वीटभट्टीवर हंगामभर राहणारी कुटुंबं आहेत, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईबरोबर भिवंडीतही गोवराची साथ आली होती. दोन ते सहा वर्षांचं मूल, खंगलेलं शरीर, नुकताच होऊन गेलेला गोवर आणि कित्येक दिवस न धुतलेलं तोंड, एवढं एकत्र आलं की धोका उभा राहतो.

हा लेख आशाताई, अंगणवाडी सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, नवे दंतवैद्य आणि अशा मुलाचे आईवडील यांच्यासाठी आहे. भर एकाच गोष्टीवर आहे: जबड्याच्या हाडातला संसर्ग. गालाचा निकाल दिवसांत लागतो, हाडाचा महिन्यांत. ताप उतरला, जखम सुकायला लागली की मूल घरी जातं, आणि नेमकं तेव्हाच आत हाड मरत असतं. सडलेल्या दाढेतून जबड्याच्या हाडात शिरणारा संसर्ग आपल्याकडे नोमापेक्षा कितीतरी जास्त दिसतो. खालच्या बऱ्याच पायऱ्या त्यालाही लागू पडतात.

हाड का मरतं

जबड्याच्या हाडावर एक पातळ आवरण असतं आणि हाडाला मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग त्यातून येतो. नोमात हिरडी आणि गाल कुजतात तसं हे आवरण हाडापासून सुटतं, आसपासच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि हाड उघडं, कोरडं पडतं. वरचा जबडा सच्छिद्र असतो, त्याला रक्तही चहूबाजूंनी मिळतं. खालचा जबडा घट्ट, आणि त्याची भिस्त मुख्यतः एका धमनीवर. म्हणून दाढेतून येणारा हाडसंसर्ग बहुधा खालीच मुरतो. नोमात मात्र वरचं हाडही उघडं पडतं आणि कधी टाळूला किंवा नाकापर्यंत भोक जातं.

हाडाचा मेलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू जिवंत हाडापासून वेगळा करतं. याला बरेच आठवडे लागतात. तोवर तो तुकडा जंतूंचं घर असतो. त्यात रक्त पोचत नाही, म्हणून प्रतिजैविकही पोचत नाही. औषध चालू असताना बरं वाटतं आणि बंद केलं की पू परत येतो, त्याचं कारण हेच. या वयात जबड्याच्या आत पक्क्या दातांचे कोंबही वाढत असतात. संसर्गाने किंवा घाईच्या शस्त्रक्रियेने ते गेले की त्या जागी दात कधीच येत नाही, आणि जबड्याची त्या बाजूची वाढ खुंटू शकते.

तोंड तपासायची रीत

कुपोषित मुलाचा दंडघेर मोजता तेव्हाच तोंड बघा. दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, पाय तिच्या कमरेभोवती, आणि डोकं मागे तपासणाऱ्याच्या मांडीवर. मुलाचे हात आईने धरायचे. उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च पुरतो. स्वच्छ धुतलेल्या बोटाने, मिळाल्यास हातमोजा घालून, आधी वरचा ओठ उचला, मग खालचा, मग दोन्ही गाल बाहेर ओढून दाढांपर्यंत बघा.

दोन दातांमधलं हिरडीचं टोक खाल्ल्यासारखं तुटलेलं, त्यावर करडा-पांढरा थर, स्पर्श होताच रक्त, आणि तोंडाला कुजका वास दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर आणि दंतवैद्याला दाखवा. इथे उपचार सोपा असतो आणि मूल पूर्ण बरं होतं. गाल किंवा ओठ सुजलेला, ताणून चकाकणारा, लाळ गळतेय, ताप आहे, मूल खात नाही, अशी अवस्था असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. यानंतर काही दिवसांतच गालावर काळा डाग येतो आणि तो भाग गळून पडतो. आतलं नुकसान बाहेरून दिसतं त्याहून नेहमीच मोठं असतं. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मुलं दगावतात, म्हणून सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

सुजलेला गाल बघून घरात बहुतेक वेळा ‘गालगुंड आलंय’ असं ठरतं आणि लेप लावून दोन-तीन दिवस जातात. गालगुंडात सूज कानाच्या पाळीखाली असते आणि हिरड्या शाबूत असतात, तोंडाला कुजका वास नसतो. ओठ उचलून बघितलं की फरक लगेच कळतो. हिरडीवर मशेरी, चुना, तुरटी किंवा शेंदूर लावू देऊ नका, त्याने उरलेली त्वचाही भाजते. गोवराच्या दिवसांत मुलाचं तोंड न धुण्याची आणि खाणं तोडण्याची जी पद्धत आहे, तीही आजीला शांतपणे समजावून थांबवायला हवी. नोमा संसर्गजन्य नाही हे पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांसमोर सांगा. तसं नाही केलं तर मुलाला झोपडीच्या कोपऱ्यात वेगळं ठेवलं जातं आणि त्याचं खाणं आणखी कमी होतं.

रुग्णालयात पोचेपर्यंत मूल गुंडाळून ऊबदार ठेवा. शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या: साडेतीन मोठे चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात एक भरलेला लहान चमचा साखर, साधारण ५० मिली. अतिकुपोषित मुलाची साखर अचानक घसरते. शिरेतून भराभर सलाइन मात्र अशा मुलाच्या हृदयाला झेपत नाही. त्याचा निर्णय रुग्णालयातच व्हावा.

औषधं, आणि ती कुठे फसतात

पाया अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांच्या जोडीचा असतो. सूज किंवा काळेपणा आला असेल तर भरती करून शिरेतून औषधं देतात, बहुधा जेंटामायसिन जोडून. किमान १४ दिवस. हाडात संसर्ग मुरल्याचं ठरलं की कोर्स चार ते सहा आठवड्यांवर जातो. मात्रा वजनावर ठरते, आणि या मुलांचं वजन दर आठवड्याला बदलतं, म्हणून चिठ्ठीवर वजन आणि तारीख लिहिलेली हवी.

घरी सोडल्यावर कोर्स फसण्याची कारणं साधी असतात. अमॉक्सिसिलिनच्या कोरड्या पावडरीची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरली की बहुतेक ब्रँड सात दिवसांतच संपवायचे असतात. १४ दिवसांसाठी दोन बाटल्या लागतात, आणि दुसरी बाटली आठव्या दिवशीच कालवायची. एकच बाटली दोन आठवडे पुरवली जाते तेव्हा दुसऱ्या आठवड्यात औषधाचा जोर कमी झालेला असतो. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक आम्ल असलेलं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. पाड्यावर फ्रिज नसेल तर लिहून देण्याआधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते पर्याय निवडतील. मेट्रोनिडॅझोलची चव कडू आणि धातूसारखी लागते. मूल थुंकतं आणि आई ते बंद करते. दुधाच्या घोटामागे गालाच्या चांगल्या बाजूने सिरिंजने थोडं थोडं सोडा.

तापासाठी आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन मात्रांत किमान सहा तासांचं अंतर. सिरपमध्ये पाच मिलीला १२५ आणि पाच मिलीला २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदी मिळतात आणि बाटल्या सारख्याच दिसतात. मेडिकलवाल्याने दुसरी दिली तर मात्रा दुप्पट होते. बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघा. ॲस्पिरिन लहान मुलांना द्यायचं नाही.

उघड्या हाडाची रोजची ड्रेसिंग

उघडं हाड कोरडं पडू द्यायचं नाही. एक लिटर पाणी पाच मिनिटं उकळून गार करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेला दीड लहान चमचा. हे पाणी एका दिवसापुरतंच. २० मिलीच्या सिरिंजची सुई काढून टाका आणि जखमेवर हलक्या धारेने सोडा. मूल बसलेलं, डोकं पुढे झुकलेलं, म्हणजे पाणी घशात जात नाही. मग त्याच पाण्यात भिजवून पिळलेला गॉज हाडावर ठेवा, वर कोरडी पट्टी. दिवसातून दोनदा बदला. गॉज चिकटला असेल तर ओढू नका, आधी भिजवा. ओढला की नुकतंच आलेलं कोवळं लाल मांस सोलून निघतं आणि रक्त वाहतं.

तोंडाच्या आत ठेवलेल्या गॉजचं एक टोक नेहमी बाहेर राहू द्या आणि किती तुकडे घातले ते मोजा. झोपेत सुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. दात आणि हिरड्या ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवलेल्या गॉजने दिवसातून दोन-तीन वेळा पुसा. या वयाच्या मुलाला गुळणी करून थुंकता येत नाही. टूथपेस्ट आणि क्लोरहेक्सिडिन यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. दातांवर येणारे तपकिरी डाग दंतवैद्याकडे निघतात, त्यासाठी पुसणं थांबवू नका.

माश्या ही पाड्यावरची खरी अडचण आहे. मूल दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. जखमेत अळ्या दिसल्या तर घरी फिनेल किंवा रॉकेल ओतू नका, तसंच रुग्णालयात न्या.

हाडात संसर्ग मुरलाय हे कशावरून

दुसऱ्या आठवड्यानंतर दर आठवड्याला हे बघा. गेलेला वास परत आला का. जबड्याच्या खालच्या कडेला सूज किंवा टेंगूळ आहे का. हनुवटीखाली किंवा गालावर बारीक भोक पडून पू येतोय का. एकाच रांगेतले तीन-चार दात एकदम हलतायत का: चार वर्षांच्या मुलाचे दात वयामुळे हलत नसतात. खाणं पुरेसं असूनही वजन अडकलंय का. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली असेल तर जबड्यातली नस संसर्गात सापडली असं समजा. मूल हे सांगू शकत नाही. कापसाचा पेळू दोन्ही बाजूंना फिरवा, एका बाजूला ते दचकत नसेल किंवा ओठ चावून घेत असेल तर नोंद करा.

ताप नाही म्हणून संसर्ग नाही असं मानू नका. अतिकुपोषित मुलाच्या अंगात ताप चढवण्याइतकीही ताकद नसते, पांढऱ्या पेशीही वाढतीलच असं नाही.

पहिल्या दहा-चौदा दिवसांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. हाडातल्या क्षारांचा बराच भाग गेल्याशिवाय फिल्मवर काही उमटत नाही. स्वच्छ एक्स-रे बघून फाइल बंद करू नका, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबडा एकाच फिल्मवर दाखवणारा एक्स-रे, चांगला, पण त्यासाठी मुलाला पंधरा सेकंदांच्या आसपास स्थिर उभं राहावं लागतं आणि तीन वर्षांचं मूल ते करत नाही. मग तिरक्या बाजूने काढलेला साधा एक्स-रे, आणि शस्त्रक्रिया ठरत असेल तर सीटी स्कॅन. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह मोजणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. सीआरपी उपचारानंतर काही दिवसांत उतरायला लागतो, ईएसआरला आठवडे लागतात. आठवड्याच्या देखरेखीला सीआरपी उपयोगी.

पू तपासायला पाठवताना वरवरची लाळ मिसळलेला स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) पाठवला तर अहवालात तोंडातले नेहमीचे जंतू येतात आणि औषध भलतंच निवडलं जातं. खोलातला पू सिरिंजने ओढून किंवा हाडाचा कण काढून पाठवावा. क्षयरोग आणि एचआयव्हीची तपासणी वगळू नये. जबड्याचा क्षय, रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा (लसिका गाठींचा कर्करोग) आणि २०२१ मध्ये सगळ्यांना ठाऊक झालेली काळी बुरशी हे सगळे थोडेफार असेच दिसू शकतात. अपेक्षेप्रमाणे सुधारणा नसेल तर तुकडा काढून तपासणं पुढे ढकलू नये.

मेलेलं हाड कधी काढायचं

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, आणि तेही मदत करण्याच्या घाईत. दंतवैद्य बोथट प्रोबने, म्हणजे तपासायच्या बारीक सळईने, हाडाला स्पर्श करतात. जिवंत हाड किंचित गुलाबीसर असतं, खरवडलं तर रक्ताचा ठिपका येतो. मेलेलं हाड पिवळट किंवा करडं, कोरडं, टक्-टक् वाजणारं, आणि मुलाला तिथे दुखत नाही. पण मेलेलं आहे एवढ्यावरून ते ओढायचं नसतं. काही आठवड्यांनी त्याच्या कडेने कोवळ्या लाल मांसाची रेघ उगवते, चिमट्यात धरलं की तुकडा डुगडुगतो. तेव्हा ते सुटलेलं असतं आणि बरेचदा थोड्याशा भुलीत सहज निघतं. कधी ते आपोआप गॉजबरोबरच येतं.

न सुटलेलं हाड जोर लावून काढलं तर जिवंत हाड तुटतं, रक्तस्राव होतो (या मुलांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं), दातांचे कोंब निघतात, आणि खालचा जबडा पातळ होऊन मोडू शकतो. थांबायचं नाही अशी कारणं मोजकी आहेत: पू साठून फुगलेली जागा, श्वासाला अडथळा, मोडलेला जबडा, किंवा गळ्यात निसटण्याइतका सैल झालेला दात.

तोंड कमी उघडत असेल तर भूल देणं अवघड होतं. लहान मुलाच्या भुलीचा अनुभव आणि श्वासमार्गाची पूर्ण तयारी असलेल्या ठिकाणीच हे करावं. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नेरूळ, बेलापूर आणि कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत, आणि पुढे मुंबईत नायर दंत रुग्णालय, शासकीय दंत महाविद्यालय, परळचं वाडिया बालरुग्णालय. निघण्याआधी फोन करून बालरोग, मुखशल्य आणि भूलतज्ज्ञ त्या दिवशी एकत्र मिळतील का ते विचारा. लोकलचे दोन फेरे वाचतात.

तोंड उघडं ठेवण्याचा व्यायाम

हाड वाचलं तरी जबडा जखडला तर मूल आयुष्यभर दातांच्या फटीतून पातळ पदार्थ ओढत राहतं. जखम भरताना व्रण आकसतो, कधी वरच्या आणि खालच्या जबड्यामध्ये हाडाचाच पूल तयार होतो. म्हणून ताप आणि रक्तस्राव थांबला की, सहसा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, डॉक्टरांना विचारून व्यायाम सुरू करायचा.

आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या, उकळून वाळवा. एकावर एक रचून चांगल्या बाजूच्या दाढांमध्ये सरकवा. जितक्या काड्या सहज मावतात तितक्या आज, मग मधोमध आणखी एक काडी हळू दाबून घाला. मूल कुरकुरेल, पण किंचाळू नये. अर्धा-एक मिनिट थांबा, काढा, पुन्हा. एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध. हलणाऱ्या दातांवर किंवा उघड्या हाडावर काडी टेकवू नका. काड्यांचा आकडा दाराच्या मागे खडूने लिहा. दोन आठवडे तो कमी होत गेला तर व्रण किंवा हाडाचा पूल वाढतोय, तेव्हा जास्त जोर लावू नका, दाखवायला न्या. मुलाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावली की पुरेसं. त्यानंतरही किमान सहा महिने व्यायाम चालू ठेवायचा.

खाणं

दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तर आधी पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे सुरुवात एफ-७५ दुधाने, म्हणजे अतिकुपोषित मुलांसाठीच्या सौम्य उपचारी दुधाने होते, किलोमागे दिवसाला १३० मिली, दर दोन-तीन तासांनी विभागून. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीने. या पहिल्या टप्प्यात लोहाचं औषध देत नाहीत, वजन वाढायला लागल्यावर देतात. गोवर नुकताच झाला असेल तर जीवनसत्त्व अ दोन दिवस लागोपाठ: वर्षावरच्या मुलाला २ लाख, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख युनिट. आधीचा डोस कधी दिला ते कार्डावर बघूनच.

घरी आल्यावर मऊ खिमट, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं केळं आणि दूध, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली पेज. प्रत्येक वाटीत एक चमचा तेल किंवा तूप, त्यातून ४० कॅलरीच्या आसपास वाढतात आणि आकारमान वाढत नाही. गालाला भोक असेल तर मूल चांगल्या बाजूला किंचित कलतं बसवा, भोकावर ओला गॉज तळहाताने दाबून धरा आणि लहान चमच्याने भरवा. अन्न बाहेर आलं म्हणून रागावू नका. सांडलेल्याचा अंदाज घेऊन तेवढं पुन्हा द्या. तिखट आणि गरम नको.

भट्टीवर जाणारं कुटुंब

दिवाळीनंतर भट्टीवर आणि पावसाच्या तोंडावर परत, असं ज्यांचं वर्ष आहे, त्यांच्या मुलाचा सहा आठवड्यांचा कोर्स मध्येच तुटतो. निघण्याआधी उरलेलं सगळं औषध हातात द्या. डिस्चार्ज कार्डाचा, एक्स-रेचा आणि वजनाच्या नोंदीचा फोटो कुटुंबातल्या एकाच्या आणि मुकादमाच्या फोनमध्ये ठेवा. भट्टीजवळच्या आशाताईंना नाव आणि पुढची तारीख कळवा. भावंडांची तोंडं त्याच दिवशी उचलून बघा आणि गोवर-रुबेलाच्या दोन्ही लसी झाल्यात का ते तपासा. पहिली ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. राहिली असेल तर उशिराही देता येते.

चेहऱ्याची पुनर्रचना लगेच होत नाही. संसर्ग पूर्ण थांबून, व्रण मऊ होऊन, वजन भरून यायला साधारण सहा महिने ते वर्षभर जातं, कधी अधिक. त्याआधी केलेला टाका कुजलेल्या पायावर बसतो आणि सुटतो. तोवर दर महिन्याला वजन, काड्यांचा आकडा आणि हाडाची जागा या तीनच नोंदी ठेवा. तारीख ठरली की रेशन कार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला आणि सगळे जुने एक्स-रे घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार त्या रुग्णालयात बसतो का ते भरतीआधीच विचारून घ्या. अंगणवाडीतल्या तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही मुलाचं नाव नोंदवा. पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी आणि पाठपुरावा त्यांच्यामार्फत करता येतो.